मोटारीतला वाळा

दिगू, तुझ्या तेरवीच्या पंगतीत सगळे हसले आणि त्यांच्यासोबत मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढचं सांगायची हिंमत व्हायची नाही.

तुझा हार घातलेला फोटो समोर होता. दुसरा भात वाढून झाला होता. तेव्हा आपल्या थोरल्या बहिणीचा अशोक कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "भट्टी मामा वरतीही गप्प बसले नसतील. देवाले म्हणत असतील, खिडक्या लावा गा, मशीन चालू करून राहिलो."

हशा पिकला. पोरांनी तुझं नाव ठेवलं ते ठेवलंच, दिगू. तेरा वर्षं झाली, तू भट्टी मामाच. ज्या सुनांनी ती मोटार पाहिली नाही त्याही तुला भट्टी मामाच म्हणतात. मी पत्रावळीत बोट फिरवत हसले. समोरून तुझी बायको, शालू, वरणाचं भांडं घेऊन आली. ती हसली नाही. माझ्या भातावर वरण वाढून पुढं गेली.

घरी आले तर ओसरीत कूलर उभा. पोटमाळ्यावरून खाली उतरवलेला, पण वाळ्याच्या ताट्या बसवलेल्या नाहीत. दर वर्षी रामनवमी झाली की तू यायचास. जुन्या ताट्यांचा वाळलेला वाळा झाडून काढायचास, नवा भरायचास, मोटरीला तेलाचा थेंब द्यायचास आणि मग हातातली सुतळी दातात धरून, अगदी सरळ चेहऱ्यानं मला विचारायचास, "ताई, वाळा कुठं लावायचा ते तू सांग बरं. तुले जास्त समजते."

आणि मी म्हणायची, "चहा घे आधी."

बारा उन्हाळे तू विचारलंस. बारा उन्हाळे मी चहा केला.

ती मोटार आठवते ना? तुझ्या भाऊजींनी घेतली होती, खाणीवरच्या एका मोठ्या साहेबाची जुनी अ‍ॅम्बेसेडर. दुधासारखा रंग, पण पत्रा जागोजागी फुगलेला. साहेबानं तिच्यात एअरकंडिशन बसवून घेतलेलं. समोर पायांच्या वर लोखंडी डब्बा, त्याला तीन जाळ्या. बटन दाबलं की डब्ब्यातून पंख्याचा आवाज यायचा आणि धूळ यायची. गार वारा कुठला? तुझे भाऊजी म्हणायचे, "काढून भंगारात देऊन टाकू तो डब्बा, गुडघे तरी लागणार नाहीत."

तू बोनेट उघडून आत डोकं घातलंस ते तासभर बाहेर काढलं नाहीस. बाहेर आलास तर नाकावर काळं ग्रीस आणि डोळे असे, जसे लहानपणी विहिरीत कासव दिसलं की व्हायचे.

"भाऊजी, मशीन मेली नाही. उपाशी आहे फक्त. गॅस गळून गेला तिचा."

"मुंबईहून सामान मागवावं लागेल," हे म्हणाले.

"कायले मुंबई? सीताबर्डीत आहे ना मी."

दिगू, तू बंगल्याबंगल्यातले फ्रीज दुरुस्त करायचास. कोणाच्या हाताखाली रीतसर शिकला नाहीस. एक जुना फ्रीज खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलास. मोटारीच्या मशीनला हात लावायची तुझी पहिलीच वेळ. नवं सामान आणायची ना यांची तयारी, ना तुझी ऐपत. मग तू काय काय नाही केलंस! तडकलेल्या रबरी नळीच्या जागी ट्रकवाल्यांच्या दुकानातून नळी दाबून आणलीस. फ्रीजची तांब्याची नळी घेतलीस आणि तिला मध्ये दोन वेढे दिलेस. मी विचारलं तर म्हणालास, "मोटार हादरते ना ताई, सरळ नळी मोडते. वेढा दिला की ती झुलते, मोडत नाही." मेलेल्या फ्रीजचं कॉम्प्रेसर उलटं लावून त्यानं नळ्यांमधली हवा ओढून काढलीस. आमच्या अंगणात आठ दिवस नुसती घरघर. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय वं, पिठाची चक्की लावली काय?"

आणि गळती. गळती सापडेना. तू साबणाचा फेस करायचास, सांध्याला लावायचास, पण उन्हात तो फेस लावताक्षणी सुकून जायचा. तेव्हा मी रिठे भिजत घातले. रेशमी लुगडी धुवायला घालते तसे. त्याचा फेस कसा दाट, चिकट, बसला की बसला. तू कुंचल्यानं एकेका सांध्याला रिठ्याचा फेस लावत गेलास आणि मी हातात आरसा धरून बोनेटच्या आत ऊन पाडत गेले. आपण दोघं बोनेटमध्ये डोकं घालून, श्वास धरून, एकेका सांध्याकडे बघत. आणि मग एका जागी एक बारीक बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"सापडला चोर!" तू असा ओरडलास की माझ्या हातातला आरसा पडता पडता राहिला. "ताई, तू माझी अर्धी मशीन आहेस गा."

"बाईमाणसाले गा म्हणते काय रे?"

"मेकॅनिकले गाच म्हणतात."

माझ्या आयुष्यात मला कोणी दिलेली ती एकच पदवी. बाकी मी कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची मोठी बहीण. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण त्या आठ दिवसांत मी मेकॅनिक होते. त्याबद्दल तुला मी कधी काही बोलले नाही. असलं काही बोलायची आपल्यात रीत नव्हती.

मग तो दिवस. भर दुपार, बाराचा टोला, सडकेवर डांबर पाघळलेलं. तू मला नि मायला मोटारीत बसवलंस, चारही काचा वर केल्यास आणि बटन दाबलंस. पंधरा मिनिटांत माय म्हणाली, "दिगू, मले शाल दे."

आपण दोघं इतके हसलो! मायनं आपला हात त्या जाळीपुढं धरला होता, म्हातारा, सुरकुतलेला हात, आणि ती नुसती बघत होती. सगळे उन्हाळे तिनं ओल्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन काढलेले. "बर्फावरून वारा येऊन राहिला बापा," ती म्हणाली. रामदासपेठेपर्यंत नेऊन तू आम्हाला परत आणलंस. वाटेत एका माणसानं सायकल थांबवून बंद काचांकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, आत तिघं वेडे बसलेत.

त्या दिवशी तू मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. मी आज त्या तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण मला त्या पाठ आहेत.

"ताई, कूलरले खिडकी उघडी लागते, याले बंद लागते. एक बोटभरही उघडायची नाही. अन् आत ओलं काही ठेवायचं नाही. मी या मशीनचं थर्मोस्टॅट काढून टाकलं. नवं मिळत नाही अन् फ्रीजचं बसत नाही. ते असलं की मशीन आपोआप थांबते, बर्फ धरत नाही. पण आपल्या नागपूरच्या उन्हात हवेत पाणीच नाही, तं बर्फ धरणार कशाचा? म्हणून चालून जाते. फक्त ओलं नको. समजलं?"

"समजलं," मी म्हणाले.

मला काही समजलं नव्हतं, दिगू. मी मान हलवली होती.

सुमनचं लग्न काटोलला होतं. थोरल्या बाईची सुमन, मायची पहिली नात, आणि मायनंच पाच वर्षांची होईस्तोवर वाढवलेली. मायला तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या. त्यापलीकडे तिला त्या वर्षी काही नको होतं. पण तिचा दम वाढला होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी घरी येऊन स्पष्ट सांगितलं, उन्हात न्यायचं नाही. माय रडली नाही. तिनं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं, ते पुन्हा पेटीत ठेवायला लागली. ते पाहून तू म्हणालास, "डॉक्टरसाहेब, उन्हातून नेतो, पण ऊन लागू देत नाही. मोटार गार आहे माझी."

मोटार यांची होती. पण गार तुझी होती, हे खरं.

आणि फक्त मायचंच नव्हतं. तुझंही होतं. सीताबर्डीवरचे एक शेठजी, ज्यांचा फ्रीज तू दुरुस्त करायचास, ते नवरदेवाकडून लग्नाला येणार होते. ते तुला म्हणाले होते, "काटोल तक गाडी ठंडी ले आओ, तो सामने की आधी दुकान तुम्हारी." मोटारींच्या एअरकंडिशनचं दुकान. तेव्हा आपल्या गावात असं दुकान मी तरी पाहिलं नव्हतं. तू पाटी कशी असेल तेही ठरवलं होतंस. निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि कोपऱ्यात बर्फाचा डोंगर. डोंगर कसा काढायचा हे तू माझ्या पोळपाटावर पीठ पसरून मला काढून दाखवलं होतंस.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते केलं.

तुझे भाऊजी लग्नघरच्या कामाला दोन दिवस आधीच गेले होते. शालू बाळंतपणाला माहेरी होती. मोटारीत आपण तिघंच. तू चालवायला. माय मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. आणि मी तुझ्या अगदी पाठीमागं, जिथं तुझ्या आरशात मायचा चेहरा दिसायचा पण माझा हात दिसायचा नाही.

सकाळी डॉक्टरांकडे तपासून निघायला साडेअकरा झाले. फेटरीपर्यंत मोटार गार होती. खरंच गार होती, दिगू. मग माय म्हणाली, "कोंडल्यासारखं वाटून राहिलं वं." दम असलेलं माणूस, चारही काचा बंद, बाहेर आग. माझ्या ज्या हातानं इतके उन्हाळे काढले होते त्या हाताला एकच माहीत होतं. वारा आत यायला हवा, आणि तो ओल्या वाळ्यातून यायला हवा. मी येताना कूलरच्या ताटीतला वाळ्याचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळून आणलाच होता. तुला न सांगता. असू द्यावा जवळ, म्हणून. सुरईतलं पाणी त्याच्यावर ओतलं, काच दोन बोटं खाली केली आणि तो तुकडा फटीवर धरला.

तू विचारलंस, "वाळ्याचा वास येऊन राहिला काय?"

"सुरईत टाकला ना," मी म्हणाले. टाकलाही होता. म्हणजे ती थापही नव्हती.

काही वेळानं डब्ब्यातला वारा बारीक झाला. मग बंद. पंखा फिरतोय, आवाज येतोय, वारा नाही. तू बाभळीखाली मोटार लावलीस. तू खाली उतरून मागं येणार म्हणताच मी वाळा पायाखाली सरकवला आणि काच वर केली. कारण तू ओलं नको म्हणाला होतास आणि मला बोलणी खायची नव्हती. एवढंच कारण, दिगू. मोठी बहीण, धाकट्याकडून बोलणी कशी खाणार? तू पट्टा बघितलास, नळ्या चाचपल्यास, सगळं जागेवर. दहा मिनिटांनी बटन दाबलं तर गार वारा पुन्हा सुरू. तू आनंदानं म्हणालास, "पाहा! उन्हाची चक्कर आली असन तिले." आणि मोटार हलली तशी मी वाळा पुन्हा भिजवला. या वेळी जास्तच. मशीनचा भरवसा नाही, तर वाळा तरी ओला असू दे. इतकीच माझी अक्कल.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. कळमेश्वरच्या पुढं ती तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मायचा चेहरा लाल झाला होता. तू सगळ्या काचा खाली करायला सांगितल्यास. उन्हाची लू आत शिरली. तू मोटार सुसाट हाकलीस, आणि सारखं मागं बघत होतास, "माय, पोचलो आपण, पोचलोच," आणि मायचे डोळे मिटत चालले.

काटोलला मांडवापुढं मोटार थांबली तेव्हा शेठजी सोडा पीत उभे होते. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "अरे भाई, ये तो भट्टी है!" सगळा मांडव हसला. हसू विरायच्या आत मायला दोघांनी उचलून आत नेलं.

आणि मी काय केलं? मी मांडवाच्या मधोमध, वऱ्हाडी, सोयरे, आचारी, सगळ्यांपुढं तुझ्यावर ओरडले. "तुझ्या हौसेपायी मायचा जीव गेला असता! फ्रीज खोलतोस तेवढंच कर ना. कोणी सांगतलं होतं एवढं शहाणपण?"

तू ग्रीसचे हात अंगापासून दूर धरून उभा होतास. नव्या सदऱ्याला डाग लागू नये म्हणून.

मायला शुद्ध आली. पण गोरज मुहूर्ताला ती मागच्या अंधाऱ्या खोलीत होती, कपाळाला कांद्याचा रस लावून, आणि मंगलाष्टकं भिंतीपलीकडून येत होती. तिच्या मुठीत अक्षता होत्या. घामानं कुंकवाचा रंग हाताला लागला. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, तेव्हा तिनं त्या अक्षता भिंतीवर टाकल्या. मी पाहिलं. मी पंखा हलवत तिथंच बसले होते.

चार दिवसांनी तू आमच्या अंगणात तो डब्बा उघडलास. मी दारात उभी होते, हातात तुझ्यासाठी पन्ह्याचा पेला. आतल्या पितळी पात्यांमधून तू चिमट्यानं काहीतरी ओढून काढलंस. वाळ्याची मुळी. मग दुसरी. मग तिसरी. तू एक मुळी नाकाजवळ नेलीस. आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलंस.

"ताई, त्या दिवशी मोटारीत वाळा होता काय? सुरईतला नाही म्हणून राहिलो."

आत हे जेवत होते. माय माझ्याच घरात अंथरुणावर होती. "भट्टी" हा शब्द तोवर नागपूरपर्यंत पोचला होता. आणि त्या क्षणी मला सगळं एकदम समजलं. बर्फ कशाचा धरणार, असं तू विचारलं होतंस. मी धरायला पाणी दिलं होतं, आणि डब्ब्यात बर्फ साचून वारा अडला होता.

"नाही गा," मी म्हणाले.

तू म्हणालास, "बरं." त्या मुळ्या तू टाकल्या नाहीस. सदऱ्याच्या खिशात ठेवल्यास. मग हात धुतलेस, पन्हं प्यायलास, डब्बा जोडून दिलास आणि पुन्हा कधी कोणाच्या मोटारीच्या मशीनला हात लावला नाहीस. शेठजींनी ते अर्धं दुकान पंखेवाल्याला दिलं.

तू इतका का गप्प राहिलास? मी कधी कधी तुझ्यावरच चिडते. एकदा तरी माझा दंड धरून विचारायचं होतंस. सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस, हिनं बिघडवली. मी भांडले असते, रडले असते, पण बोलून मोकळी झाले असते. तू मला दर रामनवमीला फक्त एक फट ठेवून दिलीस, दोन बोटांची, आणि मी ती काच दर वेळी वर केली. आणि मनात मी हेही म्हणायची, ते थर्मोस्टॅट बसवलं असतंस तर झालंच नसतं. चूक तुझीही होती थोडी. असं मी तेरा वर्षं स्वतःला समजावलं. त्यानं काही गार झालं नाही.

माय नंतर चार वर्षं जगली. त्या मोटारीत पुन्हा बसली नाही. सणावाराला तू न्यायला आलास तर म्हणायची, "दिगूच्या भट्टीत मी येत नाही बापा, रिक्षा आण." आणि तू हसून रिक्षा आणायचास. ती गेली ती तेच समजून गेली. याला आता काही उपाय नाही. हे मी कोणाला सांगू? मायला कसं सांगू?

परवा मी शालूकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती, मीही एक सूप घेऊन बसले. तिनंच विषय काढला. "ताई, यांनी ते मोटारीचं काम काहून सोडलं वं? मी तेव्हा माहेरी होती. कितीदा विचारलं, तं म्हणत, जमलं नाही. बस."

तिलाही सांगितलं नव्हतंस. मला वाटलं होतं, निदान तिला सांगितलं असशील.

मी सांगितलं. पहिल्यापासून, वाळा, फट, सुरई, "नाही गा" पर्यंत. सांगताना वर बघितलं नाही. सांगून झालं तरी ती तांदूळच निवडत होती. मग म्हणाली, "मी त्यांले किती बोलली, ताई. शेठजीच्या दुकानासमोरून जाताना दर वेळी बोलली. भित्रे आहात म्हटलं. एक डाव फसला अन् पळाले म्हटलं."

"शालू..."

"तेरा वर्षं बोलली."

ती उठली. माझ्या हातातलं सूप तिनं काढून घेतलं, मी निवडलेले तांदूळ आपल्या तांदळात मिसळले नाहीत, तसेच वेगळे ठेवले, आणि आत गेली. तिनं चहा विचारला नाही. बरोबर केलं तिनं.

येताना अशोक भेटला. त्यालाही रस्त्यातच उभं करून सांगितलं. म्हटलं, आजपासून त्याला भट्टी म्हणायचं नाही, भट्टी मी केली होती. तर तो काय म्हणाला? "जाऊ द्या ना मावशी. इतक्या वर्षांनी कायले? आम्ही प्रेमानंच म्हणतो." आणि स्कूटरला किक मारून गेला. सांगितल्यानं नाव पुसलं जात नाही, दिगू. मला वाटलं होतं, मी तोंड उघडलं की सगळं उलट फिरेल, तेवढं तोंडच काय ते बंद होतं. तसं नाही. बोलायची वेळ उलटून गेली होती.

ओसरीत कूलर अजून तसाच आहे. ताट्या रिकाम्या. बाजारातून नवा वाळा आणलाय, सुतळी आहे. काल माझा मुलगा म्हणाला, आण, मी बसवून देतो. मी नको म्हटलं. दुपारी घरात आग होते, हे बनियन ओलं करून घालतात आणि माझ्याकडे बघतात. बसवणार आहे, आज ना उद्या. त्याआधी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.

तू अंगणात उकिडवा बसलायस. समोर उघडा डब्बा आहे. तुझ्या चिमट्यात वाळ्याची मुळी आहे, आणि तू माझ्याकडे न बघता विचारतोयस. मी दारात उभी आहे, हातात पन्हं.

हाव, दिगू. होता. चिंब ओला होता. मीच आणला होता, मीच भिजवला होता, आणि तू मागं आलास तेव्हा मीच पायाखाली लपवला होता. तुझी मशीन चांगली होती गा.